रजोनिवृत्ती आणि मनःस्वास्थ्य : चिनी वैद्यकाची दृष्टी
(महिला मेळाव्यातील भाषण)



पन्नाशीच्या आसपास पाळी थांबू लागते तेव्हा घरातील स्त्री चिडते, रडते, रात्र जागून काढते; आणि आपण म्हणतो, "हिचा स्वभावच बदलला." हा स्वभावदोष नव्हे, देहधर्म आहे.

चीनच्या 'हुआंग्दी नेइजिंग' या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात स्त्रीजीवन सात-सात वर्षांच्या टप्प्यांत मांडले असून ४९ व्या वर्षी ऋतुचक्र थांबते, असे म्हटले आहे. त्या वैद्यकानुसार शरीरातील शीतल 'यिन' तत्त्व क्षीण होऊन उष्णता वर चढते व मन अस्वस्थ होते. अकारण रडू येणाऱ्या स्त्रीसाठी वैद्य झांग झोंगजिंग यांनी सुमारे अठराशे वर्षांपूर्वी गहू, ज्येष्ठमध आणि बोरे यांचा काढा सांगितला आहे.

मात्र सावध असावे. काही चिनी औषधांत गाढवाच्या कातडीचा सरस वा शिंपल्यांचे चूर्ण असते. अहिंसाव्रतींनी घटक विचारल्याविना ती घेऊ नयेत. ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढू शकतो. या उपचारांचे आधुनिक पुरावे अद्याप अपुरे आहेत. उदासी टिकून राहिल्यास डॉक्टरांना अवश्य भेटावे.

आणि घरच्यांनी तिला सामायिकाची ४८ मिनिटे निवांत मिळू द्यावीत. क्षमापनेच्या दिवशी आपण सर्व जीवांची क्षमा मागतो. घरातील या जीवाला आधी समजून घेऊ या.

जय जिनेंद्र!