मुलांच्या आहाराचा जमाखर्च

(रुग्णालयाच्या वतीने आयोजित पालक-शिक्षक मेळाव्यात प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मुलांच्या आहाराविषयी बोलण्याचा अधिकार खरे तर डॉक्टरांचा आणि आहारतज्ज्ञांचा. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. माझे आयुष्य खतावण्या, देयके आणि लेखापरीक्षण यांत गेले. तरीही विश्वस्त मंडळाने हे काम माझ्याकडे सोपवले, त्याचे कारण मला असे दिसते. धर्मादाय रुग्णालयाकडे येणारा प्रत्येक रुपया कोणाच्या तरी विश्वासाने आलेला असतो. तो योग्य जागी खर्च झाला की नाही हे पाहणे जसे प्रशासकाचे कर्तव्य, तसेच तो खर्च मुळात टाळता आला असता का, हा विचार करणेही त्याचेच कर्तव्य आहे. रक्तक्षयाने थकलेल्या मुलाचे देयक आपण माफ करू शकतो. त्याची मंदावलेली वाढ आणि वर्गात पेंगत गेलेले दिवस मात्र कोणत्याही माफीच्या अर्जाने परत मिळत नाहीत.

प्रथम परिस्थिती पाहू. केंद्र शासनाने २०१६ ते २०१८ या काळात मुलांच्या पोषणाचे राष्ट्रीय सर्वेक्षण केले. त्यात ५ ते ९ वर्षे वयाच्या मुलांपैकी सुमारे २४ टक्के आणि १० ते १९ वर्षे वयाच्या मुलांपैकी सुमारे २८ टक्के मुले रक्तक्षयाने ग्रस्त आढळली. त्याच सर्वेक्षणात या दोन्ही वयोगटांतील सुमारे १० टक्के मुलांच्या रक्तातील साखर मधुमेहपूर्व पातळीवर होती. म्हणजे लोहाची तूट आणि साखरेचे आधिक्य ही दोन्ही संकटे एकाच पिढीवर, पुष्कळदा एकाच घरात, एकदम आली आहेत. गरिबाच्या मुलाला कमी मिळते आणि श्रीमंताच्या मुलाला जास्त होते, ही आपली जुनी समजूत आता पुरेशी राहिलेली नाही. पोट भरलेले असते, परंतु पोषण झालेले नसते.

असे का व्हावे? एका सामान्य मुलाचा दिवस डोळ्यांसमोर आणू या. सकाळी घाईत चहा आणि बिस्किटे किंवा खारी. डब्यात जे लवकर होईल ते. मधल्या सुट्टीत दाराबाहेरच्या दुकानातून दहा रुपयांचे पाकीट. संध्याकाळी शिकवणीला जाताना पुन्हा काहीतरी तळलेले, आणि रात्री मोबाईलच्या पडद्याकडे पाहत दोन घास. यातील एकही गोष्ट कोणी दुष्ट हेतूने केलेली नाही. आई कामावर जाणारी असते, वडिलांना उशीर झालेला असतो, आणि मूल तर समोर जे असेल तेच खाते. माझ्या मते साऱ्या विषयाचे मर्म येथेच आहे. मुलांच्या सवयी उपदेशाने फारशा बदलत नाहीत. घरात काय आणून ठेवले आहे, शाळेच्या दाराशी काय विकले जाते आणि मोठी माणसे स्वतः काय खातात, यावर त्या ठरतात. म्हणून सुधारणेचा आरंभ मुलापासून करून चालणार नाही. तो आपल्यापासून झाला पाहिजे.

थोडा हिशेब मांडतो, कारण तो माझा व्यवसाय आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १७०० कॅलरी लागतात. वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत राहिल्यास अधिक चांगले, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले. पाच टक्के म्हणजे या मुलासाठी सुमारे २१ ग्रॅम, अर्थात चार लहान चमचे. शीतपेयाच्या ३०० मिलिलिटरच्या एका बाटलीत सहा चमच्यांहून अधिक साखर असते. दिवसाचा सगळा भत्ता एका बाटलीत संपून वर कर्ज होते, आणि त्यात चहाची, बिस्किटांची साखर अजून धरलेलीच नाही.

आता घराकडे वळतो. आपल्या परंपरेने ताट वाढण्याची एक रीत घालून दिली आहे. मध्ये भात-पोळी, उजवीकडे भाजी-आमटी आणि डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. आपल्या जुन्या रोकडवहीत डावी बाजू जमेची असते, हे येथील व्यापारी मंडळींना ठाऊक आहे. ताटाचीही डावी बाजू जमेचीच आहे. पालेभाज्या, कडधान्ये यांतील लोह शरीरात सहजी शोषले जात नाही. लिंबू, आवळा, कच्ची कोशिंबीर यांतील क जीवनसत्त्व त्याला साहाय्य करते. उलट चहातील टॅनिन त्या शोषणात अडथळा आणते. म्हणून जेवणाबरोबर किंवा त्याच्या आगेमागे तासभर चहा नसावा, आणि मुलांना तर तो मुळातच नसावा. आज अनेक घरांत ताटाची ही डावी बाजू रिकामी झाली आहे. ती पुन्हा भरण्यास मोठा खर्च लागत नाही. मोड आलेली मटकी, काकडी-गाजराची कोशिंबीर, लिंबाची एक फोड एवढे पुरते. नाचणीची आंबील वा भाकरीही तशीच. १०० ग्रॅम नाचणीत ३४० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असते.

जेवू घालण्याच्या पद्धतीविषयीही दोन शब्द बोलतो. अनुभवी बालरोगतज्ज्ञ एक साधी वाटणी सुचवतात. काय वाढायचे आणि केव्हा वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे; किती खायचे हे मुलाला ठरवू द्यावे. आपल्याकडे नेमके उलटे घडते. काय हवे ते मूल ठरवते आणि किती खायचे याची सक्ती आपण करतो. सक्तीने भरवलेल्या पदार्थाविषयी मुलाच्या मनात तिटकाराच निर्माण होतो. नवी भाजी एकदा नाकारली म्हणजे ती कायमची नावडती झाली, असे समजू नये. दहा-पंधरा वेळा, थोडी थोडी, आग्रहाविना समोर आल्यावर मूल ती स्वीकारण्याचा संभव बराच वाढतो. "भाजी संपव, मग चॉकलेट देते," हे वाक्य तर प्रत्येक घरातून हद्दपार व्हावे. त्यातून मूल एवढेच शिकते की भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस. पानात टाकू नये हा आपला संस्कार उत्तम आहे. तो पाळण्यासाठी प्रथम थोडे वाढावे आणि मागितल्यास पुन्हा वाढावे. आणि दिवसातून निदान एकदा सर्वांनी एकत्र, पडदे बंद ठेवून जेवावे. आजीने आवडीने खाल्लेली मेथीची भाजी नातवंड शंभर भाषणांपेक्षा लवकर शिकते.

शाळेचा वाटा याहून कमी नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र शासनाने प्राथमिक शाळांसाठी पोषण आहाराची योजना सुरू केली. मुलांना शिजवलेले अन्नच द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिला. २०२१ पासून ही योजना प्रधानमंत्री पोषण या नावाने चालते. तिच्या निकषांनुसार प्राथमिक वर्गातील मुलाला ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने, आणि उच्च प्राथमिक वर्गातील मुलाला ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने मिळावयास हवीत. प्राथमिकच्या मुलासाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी असे प्रमाण आहे. पालकांनी हे आकडे लक्षात ठेवावेत, अधूनमधून शाळेत जाऊन जेवण पाहावे, शक्य तर चाखावे. खिचडीत भाजी दिसते की नाही, हा प्रश्न विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.

डबा नेणाऱ्या मुलांच्या शाळांसाठीही नियम आहेत. मेद, मीठ आणि साखर अधिक असलेले पदार्थ शाळांच्या उपाहारगृहांत विकू नयेत, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये घेतला. २०२० च्या केंद्रीय अन्न सुरक्षा विनियमांनी अशा पदार्थांच्या विक्रीस शाळेच्या आवारात आणि प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या आत मनाई केली. २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावण्यास सांगितले. नियम पुरेसे आहेत. त्यांना जागे ठेवणारी माणसे हवी आहेत. शिक्षकांना माझी विनंती अशी, की मधल्या सुट्टीत आठवड्यातून दोन दिवस तरी मुलांसमवेत बसून आपला डबा खावा, हात धुण्यास आणि चावून खाण्यास पुरेसा वेळ द्यावा, आणि जागा असल्यास परसबाग करावी. स्वतः पाणी घातलेल्या पालकाची भाजी मूल सहसा नाकारत नाही.

आता थोडे संकोचाने, पण स्पष्टपणे आपल्या रुग्णालयाविषयी बोलतो. आपले अनेक देणगीदार मुलांचे वाढदिवस किंवा वडीलधाऱ्यांचे पुण्यस्मरण आपल्या बालरुग्ण विभागात करतात. त्यांचा भाव मोठा आहे. पण त्या दिवशी वाटली जातात ती केक, चॉकलेटे, मलईची बिस्किटे. भेटीस येणारे नातेवाईकही प्रेमापोटी वेफर्स आणि शीतपेये घेऊन येतात. परिणामी सकाळी आहारतज्ज्ञ जे सांगतात ते सायंकाळच्या भेटीच्या वेळेत पुसले जाते, आणि आजारात गोड खाऊ मिळतो हा धडा मूल येथूनच घेऊन जाते. ज्या वास्तूत आरोग्य शिकवायचे, तेथे तरी हा विरोधाभास नसावा.

म्हणून माझी नम्र प्रार्थना आहे. वाढदिवसाचे दान थांबवू नका. त्याचे रूप बदला. विभागातील परिचारिकांना विचारून केळी, चिकू, संत्री, खजूर किंवा उकडलेली अंडी द्या, कारण काही मुलांना विशिष्ट पथ्य असते. मोठे दान करावयाचे असल्यास शाळेतील मुलांना एक दिवसाचे सकस जेवण द्या. तिथी भोजन या नावाने हा उपक्रम शासनाच्या पोषण योजनेतच समाविष्ट असून आपल्या राज्यात तो स्नेहभोजन म्हणून ओळखला जातो. विश्वस्त मंडळालाही माझी विनंती आहे, की आपल्या उपाहारगृहातून शीतपेये आणि वेफर्स काढून ताक, लिंबूपाणी, उसळ आणि फळे ठेवण्यास मान्यता द्यावी. विक्रीचे उत्पन्न काहीसे घटेल, हे मी प्रशासक म्हणून जाणतो आणि तरीही ही शिफारस करतो. तो तोटा सोसण्यासारखा आहे.

उपचारावरील खर्च आपण वर्षानुवर्षे आनंदाने करत आलो आणि पुढेही करू. परंतु ज्या मुलाला आपल्या दाराशी येण्याची गरजच पडली नाही, त्याची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही. ती न होणारी नोंद हेच आपल्या सर्वांच्या सत्कार्याचे खरे शिल्लक धन आहे. घर, शाळा आणि रुग्णालय या तिघांनी मिळून ते वाढवावे, एवढी इच्छा व्यक्त करतो आणि माझे भाषण पूर्ण करतो.