हॉटनचा जिना
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



'मक्तेदारी' हा विषय आपण मला दिलात. या विषयावर आकड्यांची रास ओतून बोलता येते. महाविद्यालयात अनेक वर्षे मी तेच करीत आलो. आज मात्र मी एकाच कंपनीची कहाणी सांगणार आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात टोलेडो नावाचे औद्योगिक शहर आहे. तेथे हॉटन एलेव्हेटर कंपनी लिफ्ट आणि सरकते जिने तयार करीत असे. आज ती कंपनी नाही. ती का नाही, हा माझ्या व्याख्यानाचा विषय.

या कहाणीकडे मी वळलो ते घरच्या अडचणीमुळे. आमच्या सोसायटीची लिफ्ट मध्यंतरी तीन आठवडे बंद पडली. एक विद्युत्-पट्टी जळाली होती. ती बाजारात मिळेना; ज्या कंपनीने लिफ्ट बसवली तिच्याकडूनच घ्यायची आणि सांगेल ती किंमत मोजायची. चौथ्या मजल्यावरच्या आजी तीन आठवडे घराबाहेर पडू शकल्या नाहीत. सोसायटीच्या सभेत एका गृहस्थांनी विचारले, "दुसरी कंपनी का पाहत नाही?" प्रश्न रास्त होता. परंतु पहिलीसारखी नसलेली दुसरी कंपनी कोठे आहे, हे कोणालाच सांगता येईना. त्या दिवसापासून, पूर्वीच्या कंपन्या गेल्या कोठे, याचा मी शोध घेऊ लागलो.

सरकत्या जिन्याचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. जेसी रेनो या अभियंत्याने १८९२ साली पेटंट मिळवले आणि १८९६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड येथे आपले उतरणीचे सरकते यंत्र लोकांसाठी चालवून दाखवले. चार्ल्स सीबर्गर याने 'एस्कलेटर' हा शब्द घडवला आणि १९०० साली तो व्यापारचिन्ह म्हणून नोंदवला. त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात हा जिना गाजला. पुढे सीबर्गरचे हक्क ओटिस कंपनीकडे गेले आणि पाठोपाठ रेनोचेही गेले. म्हणजे यंत्र ओटिसचे आणि यंत्राचे नावही ओटिसचे. वेस्टिंगहाऊससारख्या बलाढ्य कंपनीलाही आपल्या मालाला 'विजेचा जिना' म्हणावे लागे. लोकांच्या तोंडी मात्र सगळ्याच सरकत्या जिन्यांना 'एस्कलेटर' हे एकच नाव रूढ झाले होते.

हॉटनने नेमके येथेच बोट ठेवले. हा शब्द आता एका कंपनीचा राहिलेला नाही, तो वस्तूचेच नाव बनला आहे, सबब नोंदणी रद्द करावी, असा अर्ज तिने केला. १९५० साली पेटंट कार्यालयाने तो मान्य केला. निर्णयातील गंमत अशी की, ओटिसविरुद्धचा मोठा पुरावा ओटिसच्याच जाहिरातींतून निघाला. तिने स्वतःच 'एलेव्हेटर' आणि 'एस्कलेटर' हे शब्द एकाच पंक्तीला बसवून, जणू दोन्ही सामान्य नामे असावीत, असे वापरले होते. शब्द मोकळा झाला. २०१७ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने लिफ्ट आणि सरकत्या जिन्यांविषयी जो कायदा केला, त्याच्या इंग्रजी नावातही तो शब्द निर्धास्तपणे बसला आहे.

येथे कोणी म्हणेल, पाहा, स्पर्धा आणि कायदा मिळून मक्तेदारीला आळा घालतात! साथींनो, पुढचा इतिहास ऐका. शब्द मोकळा करणारी ही कंपनी पुढे टोलेडो स्केल या वजनकाटे बनवणाऱ्या कंपनीचा एक विभाग झाली. १९६७ मध्ये क्लीव्हलंडच्या रिलायन्स इलेक्ट्रिकने टोलेडो स्केल घेतली. (हे रिलायन्स आपल्याकडचे नव्हे.) १९७९ मध्ये एक्सॉन या तेल कंपनीने रिलायन्स इलेक्ट्रिक शंभर कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकत घेतली. तेलाचे भाव भडकल्याचे ते वर्ष. विद्युत् मोटरची गती नियंत्रित करणाऱ्या एका नव्या यंत्राची मोठी आशा एक्सॉनने धरली होती. ती फोल ठरली आणि १९८६ मध्ये तिने रिलायन्स विकून टाकली. हॉटनचे काय? १९७९ मध्येच ती स्वित्झर्लंडच्या शिंडलर कंपनीकडे गेली. काही काळ 'शिंडलर हॉटन' असे जोडनाव राहिले, नंतर तेही गेले. १९८९ मध्ये शिंडलरने वेस्टिंगहाऊसचा लिफ्टचा धंदाही घेतला.

या साखळीकडे नीट पाहा. हॉटनची लिफ्ट वाईट होती म्हणून ती गेली, असे यात कोठेही दिसत नाही. वजनकाटे, मोटारी आणि खनिज तेल यांच्या ताळेबंदांत ती या हातातून त्या हातात गेली. लिफ्ट कशी बनते याच्याशी या व्यवहारांचा संबंध नव्हता. मार्क्सने संचय आणि केंद्रीकरण यांत फरक केला आहे तो यासाठीच. संचयात नवे भांडवल निर्माण होते. केंद्रीकरणात नवे काहीच निर्माण होत नाही; असलेलेच भांडवल थोड्या हातांत जाते. स्पर्धा आणि पतपुरवठा ही त्याची दोन साधने आहेत. पाठ्यपुस्तके पहिल्याविषयी बोलतात, दुसऱ्याविषयी मौन पाळतात.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे. मोठ्या कंपनीला संशोधन परवडते, सुरक्षितता वाढते, असे ते सांगतात. यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. परंतु मोठेपणाचा लाभ ग्राहकाला मिळतोच असे नाही. फेब्रुवारी २००७ मध्ये युरोपीय आयोगाने ओटिस, शिंडलर, कोने आणि थिसेनक्रुप या चार बड्या कंपन्यांच्या गटांना, तसेच मित्सुबिशीच्या नेदरलँड्समधील शाखेला, मिळून ९९ कोटी २० लाख युरो दंड केला. आरोप काय होता? बेल्जियम, जर्मनी, लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्स या देशांत १९९५ ते २००४ या काळात कंपन्यांनी आपसांत ठरवून निविदा भरल्या आणि बाजार वाटून घेतले. फसवल्या गेलेल्या ग्राहकांत खुद्द आयोग होता. नुकसानभरपाईसाठी त्याला बेल्जियमच्या न्यायालयात जावे लागले. आयोगाची ही गत, तर आमच्या चौथ्या मजल्यावरच्या आजींची काय कथा!

या धंद्याचे मर्म विक्रीत नाही, देखभालीत आहे. लिफ्ट एकदा विकली जाते, पण पंचवीस-तीस वर्षे देखभाल मागते. इमारत उचलून दुसऱ्या बाजारात नेता येत नाही. म्हणून लिफ्ट बसवणारा हा दुकानदार राहत नाही, तो खंड वसूल करणारा जमीनदार होतो.

तर मग आपण हॉटनसाठी अश्रू ढाळावेत काय? मुळीच नाही. छोटा भांडवलदार हा आपला मित्रच असतो, हा भ्रम आपण बाळगू नये. हॉटनला ओटिसची मक्तेदारी खुपत होती ती स्वतःच्या नफ्यासाठी. टोलेडोकडून शिकायचे ते निराळेच आहे. याच शहरात १९३४ साली इलेक्ट्रिक ऑटो-लाइट कारखान्यातील कामगारांचा संप झाला. न्यायालयाने निदर्शनांवर मनाई आणली, तेव्हा शहरातील बेकारांच्या संघटनेने ती मोडून कामगारांना साथ दिली. संपकऱ्यांच्या जागी कामावर जायला जे मिळतील अशी मालकांची अटकळ होती, तेच संपकऱ्यांच्या बाजूला उभे राहिले. नॅशनल गार्डच्या गोळीबारात दोघांचे प्राण गेले. पण शेवटी मालकांना संघटना मान्य करावी लागली. या संपाशी हॉटनचा संबंध होता असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणतो की, कायद्याने एक शब्द मोकळा केला, पण मालकी वळवणे त्याला जमले नाही. माणसांना हक्क मिळाले ते संघटनेमुळे.

आपल्याला करता येण्याजोगी कामे तीन आहेत. पहिले, लिफ्टचे सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती कोणत्याही प्रशिक्षित कारागिराला मिळाली पाहिजे, अशी मागणी लावून धरणे. दुसरे, एकेकट्या सोसायटीने करार करण्याऐवजी वॉर्डातील दहा-वीस सोसायट्यांनी एकत्र बसून देखभालीची बोलणी करणे. सहकाराचे नाव मिरवणाऱ्या महाराष्ट्रात हे अशक्य नसावे. तिसरे, लिफ्टच्या खोलीत आणि खोबणीत जीव धोक्यात घालून काम करणारे कंत्राटी तंत्रज्ञ संघटित करणे. सोसायटीच्या सभेत त्यांच्या संथपणाला शिव्या दिल्या जातात. त्यांना पगार किती मिळतो, हे मात्र कोणी विचारत नाही.

आमच्या लिफ्टची पट्टी अखेर आली. बसवायला आलेल्या मुलाला मी वर्गणीचे पावतीपुस्तक दाखवले नाही, चहा दिला आणि त्याच्या नोकरीविषयी विचारले. तो तासभर बोलत होता. आपल्या कामाची सुरुवात अशीच व्हावी, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.