अखेरच्या दिवसांची शुश्रूषा : ती पारखावी कशी?

बऱ्हाणपुरास तापीच्या पैलतीरी जैनाबादेत आहूखान्याची जुनी बाग आहे. सन १६३१ च्या जून महिन्यात मुमताज महल बऱ्हाणपुरात बाळंतपणात निवर्तली, तेव्हा तिचा देह प्रथम ह्या बागेत ठेवण्यात आला आणि काही महिन्यांनंतर तो आग्र्यास नेण्यात आला. तिच्या मृत्यूनंतर जे उभे राहिले ते पाहावयास सारे जग येते. तिच्या अखेरच्या घटकांत तिची वेदना कमी करण्यासाठी कोणी काय केले, हे मात्र कोणी विचारीत नाही. आपल्या समाजाची रीतही काहीशी अशीच आहे. गेलेल्या माणसासाठी कोणी तेरावा करतो, कोणी फातिहा पढवितो, कोणी मिस्सा अर्पण करवितो. जो जाण्याच्या वाटेवर आहे, पण अजून गेलेला नाही, त्याच्यासाठी काय करावे, हे मात्र पुष्कळ घरांना ठाऊक नसते.

समजा, बऱ्हाणपुरातील एका घरी यंत्रमागावर आयुष्य घालविलेला एक वडीलधारा माणूस आहे. त्याला तोंडाचा कर्करोग झाला. इंदूर झाले, मुंबई झाली, दागिने मोडले. शेवटी एके दिवशी डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितले, "आता ह्यांना घरी न्या." ह्या शब्दांचा अर्थ एवढाच की, रोग हटविणारा उपाय आता उरलेला नाही. घरचे लोक मात्र त्याचा अर्थ असा घेतात की, करण्यासारखे काहीच उरलेले नाही. सारी चूक ह्या दोन अर्थांच्या फरकात आहे. रोग बरा होत नसला, तरी दुखणे कमी करता येते, श्वासाची धाप सुसह्य करता येते, जखमेची दुर्गंधी घालविता येते आणि मनाची तगमग ऐकून घेता येते. ह्या कामाला उपशामक शुश्रूषा म्हणतात, आणि जेथे ते अखेरच्या काळात केले जाते त्या गृहाला हॉस्पिस म्हणतात. ह्या शब्दाचे मूळ पाहुणा आणि पाहुणचार ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दांत आहे. मरणोन्मुख माणूस हा ओझे नसून पाहुणा आहे, असा त्यातला भाव आहे.

ह्या कार्याचा इतिहास फार लांबचा नाही. डब्लिन येथे सन १८७९ मध्ये आणि लंडनच्या हॅकनी भागात सन १९०५ मध्ये आयरिश धर्मभगिनींनी अशी गृहे काढली. हॅकनीच्या गृहात काम करीत असताना डॉ. सिसिली साँडर्स ह्यांनी एक गोष्ट पक्की केली. दुखणे असह्य होण्याची वाट न पाहता, घड्याळ लावून ठराविक वेळी मॉर्फिन दिले, तर रुग्ण शुद्धीवर राहतो, बोलतो, जेवतो आणि वेदनेच्या भीतीतून सुटतो. त्यांनीच सन १९६७ मध्ये लंडनला सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू केले. भारतातील पहिले हॉस्पिस मुंबईत वांद्र्यास सन १९८६ मध्ये निघाले. शांती अवेदना हे त्याचे नाव, आणि कर्करोगाचे शल्यचिकित्सक डॉ. लुइस डिसोझा हे त्याचे संस्थापक. पुढे त्याच्या शाखा गोव्यात व दिल्लीत झाल्या. सन १९९३ मध्ये केरळात कोळिकोड येथे वेदनाशमनाची चळवळ सुरू झाली आणि सन १९९७ मध्ये पुण्यास वारजे येथे सिप्लाचे केंद्र निघाले. आता लहानमोठ्या गावांतूनही अशा सेवेच्या पाट्या दिसू लागल्या आहेत. म्हणूनच पाटीमागे काय आहे, हे पारखण्याची वेळ आली आहे.

ही पारख इमारतीवरून होत नाही, फरशीच्या चकाकीवरून होत नाही, आणि सेवा करणाऱ्यांच्या वेषावरूनही होत नाही. ही शेवटची गोष्ट श्रद्धावंतांना कठोर वाटेल. पण ती सांगितली पाहिजे. मदर तेरेसांनी सन १९५२ मध्ये कोलकात्यास कालीघाट येथे निर्मल हृदय उघडले आणि रस्त्यावर मरत पडलेल्यांना छप्पर दिले. सन १९९४ मध्ये 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकाचे संपादक रॉबिन फॉक्स ह्यांनी तेथील अनुभव लिहिला. दाराशी आलेल्याला आत घेण्याची वृत्ती, स्वच्छता, जखमांची निगा आणि प्रेमळपणा ह्यांची त्यांनी मोकळेपणाने नोंद केली. पण रोगनिदान नीट होत नाही आणि प्रभावी वेदनाशामके दिली जात नाहीत, हेही त्यांनी लिहून ठेवले. त्या काळी भारतात मॉर्फिन मिळणेच दुर्घट होते, हे विसरून चालणार नाही. तरीही त्या लेखाने एक धडा दिला. प्रेम हा शुश्रूषेचा पाया असला, तरी पाया म्हणजे घर नव्हे. हात हातात धरणारा माणूस पाहिजे, आणि त्या हाताला योग्य मात्रेचे ज्ञानही पाहिजे.

वेदना सोसणे हेच पुण्य, अशी समजूत अनेक धर्मांच्या लोकांत आढळते. कोणी तिला पूर्वजन्मीचा भोग म्हणतात, कोणी क्रूसातील वाटा म्हणतात. स्वेच्छेने सोसणाऱ्याचा मान मोठाच आहे; परंतु दुसऱ्याच्या वतीने सोसण्याचा निर्णय घेण्याचा अधिकार कोणालाही नाही. पोप पायस बारावे ह्यांनी सन १९५७ मध्ये भूलतज्ज्ञांपुढे बोलताना स्पष्ट केले होते की, दुसरा उपाय नसेल तर, वेदना शमविण्यासाठी गुंगी आणणारी औषधे देणे धर्माला मान्य आहे. त्यामुळे आयुष्य थोडे उणे होण्याचा संभव असला तरीही. आजचे वैद्यक तर असे सांगते की, योग्य मात्रेत दिलेल्या मॉर्फिनने मरण ओढवत नाही.

तेव्हा पहिली कसोटी वेदनेची. तेथे रुग्णाला दुखण्याविषयी दररोज, किंबहुना दिवसातून अनेक वेळा, विचारले जाते काय? आणि उत्तर लिहून ठेवले जाते काय? शून्य ते दहा असा आकडा विचारण्याची पद्धत आहे. तो आकडा जुन्या माणसाला सांगता येत नसेल, तर रुपयातले किती आणे दुखते, असे विचारावे. तो "बारा आणे" म्हणेल आणि औषधानंतर "चार आणे" म्हणेल. दुखणे कसे आहे, हेही विचारले गेले पाहिजे. मराठीत ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी आणि आग होणे वेगळे. आग होते, चमक निघते असे रुग्ण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा दुखणे मज्जातंतूंचे असते आणि त्याला मॉर्फिनच्या जोडीने निराळे औषध लागते. म्हणून रुग्णाची बोली समजणारे माणूस तेथे आहे की नाही, हा प्रश्न वरवरचा नाही. बऱ्हाणपुरात मराठी, हिंदी, उर्दू, निमाडी, गुजराती अशा किती बोली एका पेठेत ऐकू येतात! दूरच्या शहरातील परिचारिकेला आपल्या आजीचा 'ठणका' कळेल काय, हे आधी पाहावे.

तोंडाने घेण्याचे मॉर्फिन तेथे आहे काय, ते ठेवण्याची सरकारी मान्यता आहे काय, आणि रात्री दोन वाजता दुखणे उसळले तर ते देणारा कोण, हेही विचारावे. एक साधा प्रश्न तर अवश्य विचारावा : मॉर्फिनबरोबर रेचक देता की नाही? मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतोच. ज्यांना हे काम ठाऊक आहे ते न सांगता दोन्ही औषधे एकत्र सुरू करतात. जे गोंधळतात त्यांना हे काम पुरते ठाऊक नाही. सन १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने मॉर्फिनवर इतके निर्बंध आले की, अनेक रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले. सन २०१४ च्या दुरुस्तीने ही वाट बरीच मोकळी केली. मध्यप्रदेशाच्याच मंदसौर-नीमच भागात सरकारी परवान्याने अफूची शेती होते आणि नीमचच्या सरकारी कारखान्यात अफूपासून औषधी द्रव्ये काढली जातात. ज्या राज्याच्या मातीत हे औषध उगवते, त्याच राज्यातील रुग्णाने त्यावाचून तळमळावे, ह्याला नशीब म्हणता येत नाही.

दुसरी कसोटी देहाच्या निगेची. एका कुशीवर पडून राहणाऱ्याला शय्याव्रण होतात. दर दोन तासांनी कूस बदलणे, पाठ कोरडी ठेवणे, हाडांच्या उंचवट्यांखाली मऊ आधार देणे, हे काम दिसावयास क्षुद्र, पण करावयास अखंड. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग सन १९७३ मधील अत्याचारानंतर सन २०१५ पर्यंत तेथेच अंथरुणास खिळून होत्या. त्या काळात तेथील परिचारिकांनी त्यांना शय्याव्रण होऊ दिले नाहीत, ही त्या शुश्रूषेची खरी मोहोर होय. म्हणून पाहणीस गेलेल्याने रुग्णांच्या पाठीविषयी विचारावे. ओठ कोरडे पडू नयेत म्हणून तोंड कितीदा पुसतात, हे विचारावे. तोंडाच्या वा स्तनाच्या कर्करोगाची जखम चिघळून दुर्गंधी येऊ लागते आणि नातवंडे जवळ येईनाशी होतात. अशा जखमेवर मेट्रोनिडॅझोलची पूड घालतात आणि दुर्गंधी पुष्कळ ओसरते. चार पैशांच्या ह्या पुडीने आजोबा पुन्हा आजोबा होतात.

तिसरी कसोटी अशी की, तेथे रुग्णालाच विचारले जाते काय. अनेक घरांत बाहेर कुजबूज चालते आणि आत रुग्ण एकटा पडतो. चांगल्या संस्थेत सत्य लादले जात नाही आणि लपविलेही जात नाही. तुम्हाला किती जाणून घ्यावयाचे आहे, असे हळुवारपणे विचारले जाते. अखेरच्या घटकेस यंत्रांवर ठेवावे की न ठेवावे, ह्याविषयीची इच्छा आधी लिहून ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने सन २०१८ मध्ये मान्य केला आणि सन २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता नोटरी वा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे तो लेख साक्षांकित करता येतो. संस्थेतील लोकांना हे ठाऊक आहे काय, ते पाहावे. रुग्णाच्या श्रद्धेचा मानही ह्यातच येतो. पाद्री बोलवावा की मौलवी, हरिपाठ लावावा की शांतता राखावी, हे अंथरुणावरचा माणूस ठरवील. त्याच्या दुर्बलतेचा लाभ घेऊन त्याला दुसऱ्या पंथाकडे वळविणे, हा सेवेचा अपमान आहे.

चौथी कसोटी कुटुंबाची. चांगली संस्था नातलगांना पाहुण्यासारखे दाराबाहेर बसवीत नाही. ती त्यांना काम शिकविते. पुण्याच्या केंद्रात नातलग रुग्णाजवळ राहून निगा शिकतात आणि मग रुग्णाला घरी नेतात. केरळात शेजारपाजारच्या स्वयंसेवकांनी घरोघरी जाण्याची रीत रुजविली. डॉक्टर नेहमी येऊ शकत नाही. पण शिकलेली सून, शेजारची मास्तरीण, पेठेतला औषधवाला हे तर जवळच असतात. रुग्ण गेल्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी त्या घरची विचारपूस करावयास कोणी येते काय, हाही प्रश्न विचारण्याजोगा आहे. ज्या संस्थेचे काम मृत्यूच्या दाखल्यापाशी संपते, तिचे काम अर्धे राहिले असे समजावे.

शेवटी पैशाची गोष्ट. वांद्र्याचे व पुण्याचे गृह विनामूल्य सेवा देते. सर्वांना ते शक्य नसते, आणि मोल घेणे हा काही गुन्हा नव्हे. पण मोल आधी आणि लेखी सांगितले जाते काय? आणि उपशामक सेवेच्या नावाखाली पुन्हा अतिदक्षता विभाग, पुन्हा नळ्या, पुन्हा तपासण्या असा फेरा तर सुरू होत नाही ना? पाहणीस जावयाचे तर ठरवून सकाळी जाऊ नये, दिवेलागणीनंतर जावे. व्यवस्थापकापेक्षा सफाई करणाऱ्या बाईशी चार शब्द बोलावेत. घंटी वाजल्यावर किती वेळाने कोणी उठते, ते घड्याळात पाहावे.

बऱ्हाणपुरासारख्या गावी पुष्कळांची अखेर घरीच होते, आणि घर हे वाईट ठिकाण नव्हे. त्या घराच्या पाठीशी कोणी उभे असावे, एवढेच हवे. राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सन २०१७ मध्ये ह्या सेवेला प्राथमिक आरोग्यसेवेत स्थान दिले आहे. तेव्हा आपल्या जिल्हा रुग्णालयात वेदनाशमनासाठी कोण नेमलेले आहे आणि मॉर्फिनचा साठा आहे की नाही, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. एकाने विचारले तर ती तक्रार ठरेल; पेठेतल्या शंभरांनी विचारले तर ती व्यवस्था होईल.

आणि सर्व कसोट्यांची एक कसोटी त्या यंत्रमाग कामगाराच्या घरीच आहे. रात्री दोनचा सुमार आहे. मुलगा उठून विचारतो, "बाबा, किती आणे?" जर उत्तर "दोन आणे" असेल, आणि म्हातारा पुन्हा डोळे मिटून झोपी जात असेल, तर ती शुश्रूषा चांगली आहे. उत्तर "सोळा आणे" असेल आणि ते ऐकून धावून येणारे कोणी नसेल, तर पाटीवर काहीही लिहिलेले असो, ती शुश्रूषा नव्हे.