रक्ताच्या अहवालातील चार आकडे
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या आरोग्यविषयक सभेतील भाषण)



मी कापडाचा व्यापारी, वैद्यकाचा अधिकारी नव्हे. परंतु आमच्या घरातील एका ज्येष्ठांचा मूत्रपिंडाचा कर्करोग शरीरात पसरला आणि उपचारांसाठी रेडीहून गोव्याच्या वाऱ्या सुरू झाल्या. कागदावर ‘पुअर रिस्क’ हे शब्द वाचताच आम्ही कुटुंबीयांनीच धीर सोडला. उपचार थांबवावेत, अशी कुजबुजही झाली. त्या शब्दांचा अर्थ मात्र कोणी विचारला नव्हता. पुढे डॉक्टरांनी तो समजावला.

2009 साली कॅनडातील डॉ. डॅनियल हेंग व सहकाऱ्यांनी पसरलेल्या मूत्रपिंड-कर्करोगाच्या 645 रुग्णांच्या नोंदी तपासून सहा खुणा निश्चित केल्या. त्यांपैकी चार साध्या रक्ततपासणीतील आहेत : हिमोग्लोबिन कमी असणे, तसेच कॅल्शियम, प्लेटलेट्स व न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी प्रमाणाबाहेर वाढणे. उरलेल्या दोन म्हणजे दैनंदिन कामे करण्याची शक्ती घटणे आणि निदानानंतर वर्षाच्या आतच औषधे सुरू करावी लागणे. एकही खूण नसल्यास रुग्ण अनुकूल गटात, एक-दोन असल्यास मध्यम आणि तीन वा अधिक असल्यास प्रतिकूल गटात. त्या नोंदींत दोन वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण शेकडा अनुक्रमे 75, 53 आणि 7 होते.

सातचा आकडा ऐकून छाती दडपते. पण हा ताळेबंद 2009 पर्यंतचा आणि समूहाचा. एका माणसाचे खाते त्यावरून बंद करता येत नाही. शिवाय पुढे औषधे बदलली. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मध्यम व प्रतिकूल गटांतील रुग्णांना प्रतिकारशक्ती जागवणारी निवोलुमॅब व इपिलिमुमॅब ही औषधे एकत्र दिली गेली. अठरा महिन्यांनी त्यांतील शेकडा 75 हयात होते. सुनिटिनिब या आधीच्या गोळीवर 60. म्हणजे ज्या शब्दांनी आम्ही खचलो, त्यांच्याच आधारे डॉक्टर औषध निवडत होते! खर्च मोठा आहे, हे व्यापारी म्हणून नाकारीत नाही. आमचे ज्येष्ठ त्यानंतर दोन पर्युषणपर्वे आमच्यात होते.

आपल्यापुरती आणखी एक गोष्ट. चौविहार उपवासात शरीरातील पाणी घटले, तर रक्त दाट होऊन हे आकडे बदलू शकतात. म्हणून तपासणीपूर्वी तपश्चर्येची माहिती डॉक्टरांना अवश्य द्यावी, आणि कर्करोगाच्या रुग्णाने त्यांना विचारूनच पच्चक्खाण घ्यावे. जुने अहवालही तारीखवार जपावेत. आमचे निम्मे रद्दीत गेले होते.

बोलण्यात काही न्यूनाधिक झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.