खिडकीची मूठ आणि खारा वारा

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या आवारात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आधीच्या वक्त्यांनी पंचवीस वर्षांचा इतिहास सांगितला. सोसायटीची नोंदणी, पहिली बोअरवेल, पहिला गणपती, सगळं आलं त्यात. मी जरा खालच्या पातळीवरचं बोलणार आहे, म्हणजे जमिनीपासून साधारण चार फुटांवरचं. खिडकीच्या हँडलबद्दल.

हसताय, हसा. पण गेल्या सर्वसाधारण सभेत दीड तास वाद झाला तो लिफ्टवरून नाही आणि पार्किंगवरून तर नाहीच. तो झाला रस्त्याकडच्या खिडक्यांवरून. बारा वर्षांपूर्वी गाड्यांच्या हॉर्नला कंटाळून त्या बाजूच्या बिऱ्हाडांनी एकत्र येऊन दुहेरी काचेच्या, यूपीव्हीसीच्या खिडक्या बसवल्या. आता त्यातल्या कितीतरी नीट मिटत नाहीत. झड आत येते, पडदे भिजतात, आवाज पूर्वीसारखाच येतो. आणि सगळ्या खिडक्या काढून नव्या बसवायच्या, असं एका ठेकेदाराचं कोटेशन कमिटीच्या टेबलावर पडलंय. आकडा तुम्ही सगळ्यांनी ऐकलाय, पुन्हा सांगून कुणाचं रक्तदाब वाढवत नाही.

मी आयुष्यभर आयटीआयमध्ये फिटर ट्रेडच्या मुलांना शिकवलं, म्हणून कमिटीने मला म्हटलं, सर, तुम्ही एकदा बघून सांगा. मे महिन्यात मी आणि बी विंगमधली दोन कॉलेजची मुलं घरोघरी फिरलो. बघितलं ते स्पष्ट सांगतो. बहुतेक घरांत खिडकी शाबूत आहे. गेलंय ते हँडल. आणि बऱ्याच ठिकाणी हँडलसुद्धा आपणहून गेलेलं नाही, त्याला घालवलंय.

आपल्या गावच्या घरांतली खिडकी आठवा. लाकडी गज, दोन झडपा, आतून कडी नाहीतर अडसर. झडपांमध्ये फट असायचीच. पावसाळ्याआधी पडवीला माडाच्या झावळ्यांची झापं बांधायची, झड ती अडवायची. कडीचं काम एवढंच, की वाऱ्याने झडप उघडू नये. दुहेरी काचेच्या खिडकीत हँडलचं काम याहून पुष्कळ मोठं आहे, आणि तिथेच आपली समजूत कमी पडते.

या खिडकीत दोन काचांमध्ये हवा कोंडलेली असते. काचांच्या कडेने एक पोकळ पट्टी असते, तिच्यात ओल शोषणारे बारीक दाणे भरलेले असतात. पण नुसत्या दोन काचांनी आवाज अडत नाही. पल्ला चौकटीच्या रबरावर, म्हणजे गॅस्केटवर, चारी बाजूंनी घट्ट बसावा लागतो. तो बसवतं हँडल. हँडलच्या मागून एक चौकोनी दांडी पल्ल्यात शिरते, बहुतेक ठिकाणी ७ मिलिमीटरची. आपण हँडल पाव वळसा फिरवलं की ती दांडी आतला गिअर फिरवते, गिअर एक लांब पट्टी वर-खाली सरकवतो, पट्टीवरचे छोटे गोल खुंट चौकटीवरच्या खाचांत शिरतात आणि पल्ल्याला आत ओढून धरतात. खिडकी लागली असं आपण म्हणतो तेव्हा खरं तर रबर दाबलं गेलेलं असतं. हँडल अर्धवट फिरलं तर रबर दाबलं जात नाही, आणि मग दोन काचा काय नि चार काचा काय, हॉर्न फटीतून येतोच.

याची परीक्षा घरी करता येते. वहीच्या कागदाची पट्टी पल्ला आणि चौकटीच्या मध्ये धरा, खिडकी लावा, पट्टी ओढा. सहज सुटून आली तर त्या जागी दाब नाही. चारी बाजूंनी करा. आम्ही हेच करत फिरलो. मुलांना त्यात इतकी गंमत वाटली की एका घरात त्यांनी फ्रिजचं दारसुद्धा तपासलं. (ते सैल निघालं.)

आता खाऱ्या वाऱ्याकडे येतो. मिऱ्याच्या किनाऱ्यावर ३ जून २०२० ला निसर्ग वादळात येऊन लागलेलं बसरा स्टार जहाज आपण सगळ्यांनी जाऊन पाहिलंय, फोटोही काढलेत. ते डोळ्यांदेखत कसं गंजत गेलं तेही पाहिलं. तेच मीठ संध्याकाळच्या वाऱ्याबरोबर आपल्या घरात येतं, फक्त कमी प्रमाणात. मिठाची खोड अशी, की ते हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे धातूवर सतत एक पातळ ओला थर राहतो. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो बाहेरचं मीठ धुऊन नेतो. पण खिडकीच्या आतलं हँडल, पल्ल्याच्या खाचेतली पट्टी, खुंट, स्क्रू यांच्यावर पावसाचं पाणी धुण्याइतकं कधी पडतच नाही. तिथे मीठ वर्षानुवर्षं साठत राहतं. म्हणून बाहेरची चौकट चकचकीत दिसते आणि आतली पट्टी जाम झालेली असते.

आणि इथेच हँडल मोडतं. पट्टी जड झाली की आपण जोर लावतो. बाजारातली पुष्कळ हँडलं जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असतात, वरून पावडर कोटिंग. ओतीव धातू वाकत नाही, थेट मानेत तुटतो. आपण रामआळीतून नवं हँडल आणतो, त्याच जड पट्टीवर बसवतो, दुसऱ्या पावसाळ्यात तेही तुटतं, आणि मग म्हणतो की ही खिडकीच बेकार. सी विंगमधल्या एका घरात मला एकाच खिडकीची तीन तुटलेली हँडलं ड्रॉवरमध्ये मिळाली. जपून ठेवली होती, कुणाला तरी दाखवायला.

म्हणून हँडल बदलण्याआधी हे करा. खिडकी उघडी ठेवून हँडलच्या बुडाची टोपी बाजूला फिरवा, खाली दोन स्क्रू दिसतील. ते काढून हँडल ओढून घ्या. मग त्या चौकोनी भोकात दांडी नुसती घालून पकडीने हलके फिरवा. पट्टी लोण्यासारखी सरकली तर दोष हँडलचा. अडली तर आधी पट्टी साफ करा: ओल्या फडक्याने मीठ पुसा, कोरडं करा, शिलाई मशीनचं पातळ तेल नाहीतर सिलिकॉनचा स्प्रे द्या, दहा-वीस वेळा मागेपुढे फिरवा. खोबरेल नको. आपल्याकडे प्रत्येक गोष्टीवर खोबरेल हा उपाय असतो, पण ते थंडीत थिजतं, जुनं झालं की चिकट होतं आणि धूळ धरतं. आणि बाथरूमचं ॲसिड तर चुकूनही नको, ते स्टेनलेसलाही खातं.

खिडकी उघडी असताना पट्टी छान सरकते आणि लावल्यावरच अडते, असंही होतं. मग बिजागरी झिजून पल्ला खाली बसलेला असतो आणि खुंट खाचेसमोर येत नाहीत. बऱ्याच खिडक्यांत हे खुंट ॲलन चावीने थोडे फिरवून जुळवता येतात. अशा ठिकाणी नवं हँडल आणणं म्हणजे पाय दुखतोय म्हणून चप्पल बदलणं.

हे सगळं मी एवढं लावून का धरतोय ते सांगतो. आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू एकट्या राहतात, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्या बेडरूमचं हँडल दोन वर्षं नुसतं गरगर फिरत होतं. त्या खिडकी नायलॉनच्या दोरीने ग्रिलला बांधायच्या. मागच्या जुलैत रात्री झड आली, दोरी सुटली, त्या स्टुलावर चढल्या आणि पडल्या. मनगट मोडलं. त्यांची परवानगी घेऊनच सांगतोय, आणि त्या समोर बसल्यात. त्यांची खिडकी आम्ही उघडून पाहिली तेव्हा आतला गिअर ठणठणीत होता. आधीच्या कुणीतरी आखूड दांडीचं हँडल बसवलं होतं, ती गिअरमध्ये जेमतेम टेकत होती, टेकून टेकून तिचे कोपरे गोल झाले होते. योग्य लांबीचं हँडल आणून बसवायला वीस मिनिटं लागली.

तेव्हा माप. दुकानात जाऊन ‘पांढरं हँडल द्या’ म्हणू नका. जुनं हँडल बरोबर न्या. ते हरवलं असेल तर तीन मापं लिहून न्या. दोन स्क्रूंच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर, ते बहुधा ४३ मिलिमीटर असतं, पण मोजा. दांडीची जाडी. आणि दांडी बुडाच्या पट्टीपासून किती बाहेर आहे ती लांबी. लांब असेल तर हॅक्सॉने कापता येते, आखूड असेल तर परत करा, दुकानदार कितीही म्हणाला की चालतं. हँडल तिरकं असेल तर डावं की उजवं, तेही बघा. काही जुन्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांना दांडी नसते, नाकासारखी चोच चौकटीवर चढते. तिथे चोचीची उंची मोजायची. ती एक-दोन मिलिमीटरने चुकली तरी एकतर खिडकी लागत नाही, नाहीतर खुळखुळते.

धातूचं म्हणाल, तर समुद्राजवळ ३१६ ग्रेडचं स्टेनलेस सगळ्यात बरं. त्यात मॉलिब्डेनम असतं, म्हणून ते ३०४ पेक्षा मिठाला जास्त दाद देत नाही. चुंबक लावून ३०४ आणि ३१६ ओळखता येत नाहीत, तसं कुणी सांगितलं तर नुसतं हसा. बिलावर ग्रेड लिहून घ्या. चांगल्या कंपन्या मिठाच्या फवाऱ्याची चाचणी करतात, माहितीपत्रकात तासांत लिहिलेली असते. युरोपच्या ईएन १६७० या मानकात तिसरी श्रेणी ९६ तासांची, चौथी २४० ची आणि पाचवी ४८० तासांची. आपण चौथीच्या खाली जाऊ नये असं माझं मत. आणि स्क्रू स्टेनलेसचेच घ्या. पेटीत आलेले साधे स्क्रू इथे पहिल्या पावसाळ्यात लाल होतात आणि नंतर निघत नाहीत.

चावीचं हँडल घ्यावं का, हे लहान मुलं असलेल्या घरांतून विचारलं गेलं. जिथे ग्रिल नाही तिथे जरूर घ्या. पण चावी कपाटात ठेवू नका. खिडकीजवळच, मुलाच्या हाताच्या वर, खिळ्याला टांगा. रात्री गॅसचा वास आला तर चावी शोधत बसायला वेळ नसतो. वयस्कर माणसांसाठी उलट: चावी नको, गोल मूठ नको, लांब दांड्याचं हँडल घ्या. दांडा जितका लांब तितका बोटांवर जोर कमी. काकूंना तसंच बसवलंय.

काही तक्रारी हँडलने सुटणार नाहीत, तेही कबूल. दोन काचांच्या मध्ये धुकं धरलं असेल, बोट लावून पुसलं जात नसेल, तर काचांची कडेची बंदिस्ती गेली. तिथे काचेची जोडी बदलावी लागेल, पण चौकट काढायची गरज नाही. कागदाची पट्टी घट्ट बसते आणि तरी पाणी येतं, अशी पाच घरं निघाली. त्यातल्या तीन ठिकाणी चौकटीच्या तळातली पाणी जायची भोकं मेलेल्या पाखरांनी बुजली होती. तारेने मोकळी केली. उरलेल्या दोन ठिकाणी पाणी खिडकीतून नाही, भिंतीतून येतंय. ते काम खिडकीवाल्याचं नाही. इमारत पंधरा वर्षांच्या पुढे गेली की दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं, असं उपविधींत आहे. ते यंदा करायचंच आहे, त्यात या दोन भिंती आवर्जून दाखवाव्यात.

पैशांचं थोडक्यात. हँडल हा घरातला भाग, खर्च ज्याचा त्याचा. एकाच मापाची तीस-चाळीस हँडलं एकदम घेतली तर भाव कमी होतो आणि पाच-सहा जादा ऑफिसात ठेवता येतात. शेकड्यांत काम होतं तिथे हजारांत जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं. कोटेशनला विरोध म्हणून नाही. ज्या खिडक्यांचे पल्ले खरोखर वाकलेत, त्या बदलाव्याच लागतील. अशा चार आहेत, त्यांची यादी सेक्रेटरींकडे दिली आहे.

वॉचमनच्या केबिनमध्ये एक वही ठेवली आहे. फ्लॅट नंबर आणि कुठली खिडकी एवढंच लिहा. येत्या रविवारी सकाळी नऊला ए विंगच्या चौथ्या मजल्यापासून सुरुवात करतो. स्टूल मी आणतो, चहा तुम्ही ठेवा.