पालघरचे पहिले पालकमंत्री

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा होऊन पालघर हा राज्याचा ३६वा जिल्हा झाला, आणि त्याचे पहिले पालकमंत्रिपद विष्णू सवरा यांच्याकडे आले. १९९०मध्ये वाड्यातून आमदार झालेले सवरा २०१४ला विक्रमगडमधून निवडून आले होते. आदिवासी विकास खातेही त्यांच्याकडेच होते. तारापूरचा अणुवीज प्रकल्प, बोईसरची एमआयडीसी आणि जव्हार-मोखाड्याचे पाडे, हा सगळा भार एकाच माणसावर. आपल्या भागातला माणूस मंत्री झाला की त्याने किती रस्ते आणले, किती इमारती उभ्या केल्या, याचा हिशेब आपण मांडतो. मला तो हिशेब अपुरा वाटतो. मंत्र्याने आपल्या हातातला किती अधिकार गावाला दिला, हे आधी पाहावे.

या कसोटीवर २०१५ हे साल महत्त्वाचे ठरते. आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट द्यायचा आणि तो कशावर खर्च करायचा हे ग्रामसभेने ठरवायचे, असा निर्णय तेव्हा झाला; हाच पेसा निधी. पालघर तालुक्याचाही काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, त्यामुळे हा प्रश्न फक्त डोंगरातल्या गावांचा नाही. त्याच वर्षी डॉ. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आली. गरोदर आणि स्तनदा मातेला अंगणवाडीत दिवसातून एकदा पोटभर जेवण: भाकरी किंवा चपाती, भात, डाळ, भाजी, अंडे, शेंगदाण्याचा लाडू. ही धान्याची पिशवी नव्हे, समोर वाढलेले ताट आहे; धान्य घरी नेले की सगळ्यांत वाटले जाते, आणि बाईच्या वाट्याला शेवटचा घास येतो.

यावर कोणी म्हणेल, मग २०१६मध्ये मोखाड्यात कुपोषणाने मुले का दगावली? हा आक्षेप खोडता येणार नाही. लोकांचा संताप रास्त होता, आणि सवरांच्या त्या वेळच्या शब्दांनी तो आणखी भडकला. पण कुपोषणाची मुळे रोजगारासाठीच्या स्थलांतरात, कोवळ्या वयातल्या लग्नांत आणि रिकाम्या आरोग्य केंद्रांत आहेत. एका ताटाने ती उपटली जात नाहीत. थेट निधीचे श्रेयही एकट्या सवरांचे नाही. तरीही तो ज्या खात्याचा, ते खाते त्यांच्याकडे होते, आणि हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

जून २०१९मध्ये त्यांना मंत्रिमंडळातून वगळले गेले आणि ९ डिसेंबर २०२० रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या कामाचा खरा ताळेबंद आता मंत्रालयातल्या फायलींत सापडणार नाही. ग्रामसभेपुढे मांडलेल्या पेसा निधीच्या खर्चात तो शोधावा लागेल.