पाटांगणची पोथी आणि आंब्याचा शिलालेख

बीडजवळ पाटांगण येथे इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. एकनाथांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. ही प्रत त्याच्याही आधीची, असा राजवाड्यांचा दावा. तिच्यावरून त्यांनी 1909 मध्ये ज्ञानेश्वरी छापली, तिच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. पोथीच्या जुनेपणाबद्दल शंका निघाल्या. त्या फिटायच्या तर मूळ पोथी समोर हवी होती, आणि नेमकी तीच पुढे अभ्यासकांच्या हाती लागली नाही. छापील पाठ राहिला, कागद गेला.

त्या काळी जुनी दप्तरे वाड्यांच्या माळ्यांवर रुमालांत बांधून पडलेली असत. रुमाल म्हणजे कागद बांधायचे चौकोनी फडके. वाळवी, पावसाची गळती आणि वाण्याच्या पुड्या हे त्यांचे तीन वैरी. राजवाडे गावोगाव फिरून कागद मिळवत. 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडाखंडाने निघू लागली. पण एकट्याने जमवलेले सांभाळायला एकट्याचे घर पुरत नाही. 7 जुलै 1910 रोजी पुण्यात सरदार खंडेराव मेहेंदळे यांच्या साथीने भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. सभासदाने सभेत टिपण वाचायचे, इतरांनी त्यावर हरकती घ्यायच्या, मग ते छापायचे, अशी कामाची रीत पडली. मोडी कागद, पोथ्या, नाणी, ताम्रपट जमू लागले. राजवाडे स्वतः पुढे मतभेदांमुळे मंडळापासून दूर गेले. 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या संग्रहासाठी 9 जानेवारी 1927 रोजी तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले.

बीड त्या वेळी निजामाच्या राज्यात होते. तिथल्या इतिहासलेखनाची वाट वेगळी: काझी मुहम्मद कुतुबुल्ला यांचा ‘तारीख-ए-बीड’ हा ग्रंथ 1898 चा, उर्दूतला. तरी पुण्याच्या मंडळाचे काम सरहद्दीपाशी थांबले नाही. मंडळाचे ग. ह. खरे यांनी ‘दक्षिणच्या मध्ययुगीन इतिहासाची साधने’ या मालेत अंबाजोगाईचे, म्हणजे जुन्या आंब्याचे, शिलालेख वाचून छापले.

असा लेख वाचणे चिकाटीचे काम. आधी दगड घासून धुवायचा, शेंदूर-तेलाचे थर काढायचे. मग ओला कागद लावून ब्रशने ठोकायचा, म्हणजे तो अक्षरांच्या खाचांत बसतो. वरून शाईची पुरचुंडी फिरवली की जमीन काळी होते, अक्षरे पांढरी उमटतात. वाळलेला ठसा गुंडाळून नेता येतो. दगड जागीच राहतो.

या लेखांत यादवराजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर भेटतो. त्याचा मुलगा राम नर्मदाकाठच्या लढाईत पडला. त्याच्या स्मरणार्थ आंब्यात देऊळ उभारले ते बहीण लक्ष्मीने, शके 1162 मध्ये, म्हणजे इ. स. 1240 च्या सुमारास.